अण्णांची भजनं आणि गणेशचा ट्रॅक्टर

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या भजनांचा पेन ड्राइव्ह मी चुलतभाऊ गणेशला दिला होता, काकांना ऐकवायला. घशाच्या ऑपरेशननंतर अण्णा गात नाहीत. त्यांचा गाता आवाज राहिला तो एवढाच.

काल तो परत आला. आज त्यात अण्णांचे नारायणगडचे फोटो टाकायला गेलो, तर माझ्या लॅपटॉपवरचं लिनक्स म्हणे, यात लिहिता येणार नाही, फक्त वाचा. लॉग, म्हणजे लॅपटॉपची नोंदवही, पाहिला. ड्राइव्ह कुणीतरी चालू असतानाच उपटून काढलेला. गणेशला फोन लावला.

"आईशप्पथ, कपाटातच व्हता. हातबी लावला न्हाई."

विश्वास ठेवला. ड्राइव्ह अनमाउंट करून, म्हणजे सिस्टिमपासून सोडवून, fsck ही दुरुस्तीची कमांड चालवली, पुन्हा जोडला. लिहिता यायला लागलं! खुशीत उघडून बघतो तर भजनं गायब. सगळी डीजेची गाणी. फोल्डरचं नाव 'ऊस ट्रॅक्टर'. गणेश साखर कारखान्याला ऊस वाहतो, म्हणजे ड्राइव्ह त्याच्या ट्रॅक्टरच्या टेपला लावलेला.

पुन्हा फोन.

"आरं, कारखान्यावर नंबर लागस्तोर लई कटाळा येतो. जागा पुरंना, म्हणून जुनं काढलं."

जुनं!

पुसलेलं परत मिळू शकतं, पण त्यावर नवीन काही टाकलं नाही तरच. काही भजनं गणेशच्या गाण्यांखाली गेलीच असतील, उरलेली तरी वाचवायची. सकाळभर ज्यात लिहिता यावं म्हणून झटलो, त्यात आता एक फोटो टाकायची हिंमत होत नाही.

वर गणेश म्हणतो, "माझी गाणी तेवढी ऱ्हाऊ दे, हंगाम चालू हाय."

शेजारी बसलेले अण्णा बसक्या आवाजात विचारतायत, "झाला का रं नीट?"

काय सांगू त्यांना?