बाबांनी गप्प बसावं म्हणून

रेडिओवर बातम्या देणाऱ्यांनी आमच्या बाबांचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे. सकाळी बातम्या लागल्या की चहाचा कप घेऊन ते पडवीत बसायचे आणि चूक सापडेपर्यंत चहाला तोंड लावायचे नाहीत. चहा कधी थंड झाला नाही, एवढं सांगते. कुणी आमच्याकडच्या इन्सुली गावाला ‘इनसूली’ म्हटलं की कप खाली. “शिरा पडो तुझ्या तोंडार! मेल्या, इन्सुली काय डाक्टरान दिलेला औषध आसा?”

जोर देण्याची तर वेगळीच तऱ्हा. एक गृहस्थ प्रत्येक वाक्यातला एक शब्द असा काही ठोकायचे की साध्या बातमीचाही संशय यावा. “घाटातली वाहतूक आ-ज सुरळीत आहे,” ते म्हणाले. बाबांनी रेडिओला विचारलं, “मगे काल काय दरीत होती?”

कहर केला तो एका बाईंनी. “खोल समुद्रात जाण्यास मच्छीमारांना धोका” एवढं म्हणून त्या थांबल्या. कागद उलटल्याचा आवाज आला. होडीने विजयदुर्गला निघालेले शेजारचे काका आमच्या पायरीवर एक पाय वर धरून उभे. मग शांतपणे बाई म्हणाल्या, “नाही.” काकांनी पाय खाली ठेवला. बाबा त्या दिवशी जेवेपर्यंत बडबडत होते.

आता हे सगळं दुसऱ्या कुणी केलं असतं तर आम्ही त्याला खवट म्हातारा म्हटलं असतं. पण बाबांना तो अधिकार होता. वीस वर्षं जहाजावर काढून ते गावी आले आणि तेव्हापासून गावाचं गाऱ्हाणं तेच घालायचे. जत्रा असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, कुणाचं पोर नोकरीला निघालेलं असो, नारळ हातात घेऊन देवाला सगळं खणखणीत सांगायचं काम त्यांचं. ते एक वाक्य बोलून थांबत, जमलेले सगळे म्हणत, “व्हय म्हाराजा!” की पुढचं वाक्य. बाबांचा नियम होता, ज्या गाऱ्हाण्याला ‘व्हय’ मिळत नाही ते देवळाच्या पायरीवरूनच परत फिरतं.

अशा माणसाच्या पोटी जन्मून मी बातम्या द्यायचं ठरवलं. स्वतःच्या पायावर धोंडा, दुसरं काय! एसटीने चार तासांवरच्या एका रेडिओ केंद्रात माझी निवड झाली. तीन बातमीपत्रं परीक्षेची, ती जमली तर निवेदकांच्या यादीत नाव. पण खरं सांगू? मला यादीची धाकधूक नव्हती, पडवीची होती. आयुष्यात बाबांनी कुणाला ‘बरं बोललास’ म्हटल्याचं ऐकिवात नाही. स्वतःच्या लग्नात भटजींच्या मंत्रातली चूक काढून त्यांनी मुहूर्त टळायची वेळ आणली होती, हे आई अजून सांगते. त्यामुळे शाबासकी वगैरे मी मागतच नव्हते. मी बोलत असेन तोवर त्यांनी गप्प बसावं, एवढंच मला हवं होतं.

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा! ह्या तुझा चेडू आज रेडिओर बातमे सांगूक जाता आसा...”

“व्हय म्हाराजा!” आई आणि शेजारचे काका.

“तेच्या जिभेची राखण कर...”

“व्हय म्हाराजा!”

“आणि तेच्या हातसून इन्सुलेचो खून होवचो नाय, असा कर!”

“व्हय म्हाराजा!” हे मी सगळ्यात मोठ्याने म्हटलं.

पहिलं बातमीपत्र मी वाचलं. जीभ कुठे अडखळली नाही, जोर जिथल्या तिथे. मी खूश होऊन बाहेर आले, तर साहेब डोकं खाजवत उभे. “आवाज छान, उच्चार स्वच्छ. पण बाई, दर वाक्यानंतर तुम्ही एवढ्या थांबता का? कुणाची वाट बघता?”

थांबते? मी?

एसटी स्टँडवर येऊन आईला फोन लावला. म्हटलं, “बाबा गप्प बसले ना गो?”

“खंयचे गप्प!” आई म्हणाली. “पयल्या बातमेक बसले. तू थांबलंस. दुसरी झाली, तू परत थांबलंस. तसे ह्येनी कप खाली ठेवल्यानी आणि म्हणाले, व्हय म्हाराजा! मगे माज्या पण तोंडातसून आपोआप इला. दारार मासे घेवन इलेली बाय, टोपली डोक्यार तशीच, ती पण म्हणूक लागली. शेवटपर्यंत आमी तिघांय!”

लहानपणापासून मोठ्याने बोलणं म्हणजे काय, हे मी एकाच माणसाकडून शिकले होते. वाक्य संपलं की थांबायचं, कुणीतरी ‘व्हय’ म्हणतं. बाकावर बसून मी खो खो हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. माझं गाऱ्हाणं पायरीवरून परत फिरलं नव्हतं!

पण साहेबांना हे कोण सांगणार? दुसरं बातमीपत्र मी दात-ओठ खाऊन वाचलं, वाक्याला वाक्य चिकटवून. साहेब खूश. संध्याकाळी घरून फोन आला, आणि फोनवर चक्क बाबा. जन्मात त्यांनी मला आपणहून फोन केला नव्हता.

“इन्सुली बरा म्हटलंस,” ते म्हणाले.

मी फोन दुसऱ्या कानाला लावून बघितला.

“पण आज माका बोलूकच दिलंस नाय गो,” असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

तिसरंही तसंच वाचलं आणि यादीत माझं नाव लागलं, त्याला आता दोन वर्षं होतील. सगळ्या बातम्या मी सरळ वाचते. फक्त शेवटी हवामान येतं, मच्छीमारांनी समुद्रात जायला हरकत नाही असं मी ‘नाही’सकट एका दमात सांगते, आणि मग एका ‘व्हय’पुरती थांबते. साहेब अजून विचारतात, “बाई, तिथे काय होतं तुम्हाला?”

मी सांगते, “सर, आवंढा गिळते.”