मान हलवलेली चालत नाही

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोपाळच्या ऑफिसात पहिल्या पानाचे मथळे तपासत होतो. फोन ठेवला आणि उरलेले दोन मथळेही तपासले. त्याला आता पाच आठवडे झाले.

दादा माझा थोरला भाऊ. ग्वाल्हेरला विमानांच्या ऑटोपायलटची देखभाल करण्यात त्याची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर तिथल्याच बाडा चौकाजवळच्या घरात तो एकटा आईला सांभाळत होता. शेजारचे दुबेजी चिडवायचे, "जोशीजी, जहाज अपने आप उड़ता है, तो पायलट को तनख्वाह सोते रहने की मिलती है क्या?" दादा शांतपणे समजावायचा. उंची आणि दिशा माणूसच ठरवून देतो. विमान किती कललं, किती भरकटलं, हे सेन्सर सांगतात. संगणक ठरवलेलं आणि घडतंय ते ताडून पाहतो आणि मोटरींकरवी पंखांच्या, शेपटीच्या झडपा हलवून फरक मिटवतो. सेन्सरांचं आपसात जुळेनासं झालं, की ऑटोपायलट मोठ्यानं इशारा देऊन बाजूला होतो. मग विमान माणसाच्या हातात. "खतरा कब है, पता है? जब दोनों पायलट सोचें कि दूसरा उड़ा रहा है." म्हणून ताबा देणाऱ्यानं बोलून द्यायचा, घेणाऱ्यानं बोलून घ्यायचा.

घरात हा नियम माझ्यामुळे आला. एका दिवाळीत आईला बीपीची गोळी दिल्याचं त्यानं मला सांगितलं होतं. मी पेपरातून डोकं न काढता मान हलवली आणि तासाभरानं तिला दुसरी दिली. आई चक्कर येऊन न्हाणीघरात पडली. दादा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "यापुढे मान हलवलेली चालत नाही."

हॉस्पिटलात शेवटचा भेटलो तेव्हा त्याला धाप लागत होती. म्हणाला, "आई तुझ्याकडे." मी म्हणालो, "तू आधी बरा हो." तो थांबला... "बोल ना, यार." तेवढ्यात सिस्टर सलाइन बदलायला आली. ती गेल्यावरही मी बोललो नाही. हो म्हटलं तर तो बरा होणार नाही हे कबूल केल्यासारखं होईल, असं मला वाटत होतं. मी मान हलवली. दुपारच्या गाडीनं भोपाळला परतलो. तिसऱ्या दिवशी तो फोन आला.

सध्या मी रजेवर या घरात आहे. दादा हॉस्पिटलात गेल्यापासून आईच्या गोळ्या दुबेजी देत होते. काल सकाळी आईपुढे गोळी धरली. तिनं हात पुढे केला नाही.

"कसली आहे ते सांग. तो रोज सांगायचा."

"बीपीची. आजची पहिली."

तिनं गोळी तळहातावर घेतली, पण तोंडात टाकली नाही. "तुझी छुट्टी कधी संपते?"

"सोमवारी. इथल्या ऑफिसात बदली मागितली आहे. मिळो न मिळो, मी परत जात नाही."

"दुबेजींनाही सांगून ठेव," आई म्हणाली आणि पाण्यासाठी हात पुढे केला.