सेठच्या कॉम्प्युटरवर उमटलेलं ‘सर्व लेट’

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. आमच्या बदलापूरच्या घरात हॉलमध्ये बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे. नवस, उतारा, लिंबू-मिरची यांना दाराबाहेरच थांबावं लागतं. शिवाय मी अंबरनाथच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार. दोन ठिकाणी खात्री केल्याशिवाय ओळ छापायला द्यायची नाही, ही सवय. या प्रकारात खात्री करून झाली, आणि तरीही... असो. क्रमाने सांगतो.

दोन हजार चार-पाचचा सुमार. माझी बायको वैशाली उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात बिलिंग करायची. मालक सिंधी, त्यांना सगळे नुसतं ‘सेठ’ म्हणत. दिवसभर दुकानदारांचे फोन – ‘माल निघाला का?’ वैशाली दर फोनला वर गोडाउनमध्ये जाऊन बघून यायची. शेवटी सेठनी ठरवलं, एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर घ्यायचं. त्या कंपनीचा माणूसही सोबत येणार होता, म्हणजे वैशालीच्या खुर्चीवर.

“सेठ, मीच एक पेज बनवते ना,” ती म्हणाली. “चलान नंबर टाकला की माल कुठे आहे ते दिसेल. शिकते मी.”

“तू? वड़ी, तेरे को आता है?” सेठ आपल्या सिंधी ढंगात म्हणाले.

“आत्ता नाही येत.”

“ठीक है. दिवाली तक. नहीं हुआ तो उनका आदमी बैठेगा, फिर मेरे को बोलना नहीं.”

नोकरी त्या पेजवर टांगली गेली ती अशी.

वैशालीने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. सर्व्हरवर चालणारे जावाचे प्रोग्राम नवशिक्याला शिकवणारं. अशा छोट्या प्रोग्रामला सर्वलेट म्हणतात. ब्राउझरमधून मागणी आली की उत्तर पाठवायचं, एवढंच त्याचं काम. वाचायला सोपं वाटलं. पहिला आठवडाभर मात्र ‘पेज सापडलं नाही’ याखेरीज आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर काही आलं नाही.

एका रविवारी ती वैतागून म्हणाली, “सर्वलेट चालतच नाहीये.”

आई भाजी निवडत होती. “काय गं, सर्व लेट? कर्जतची लोकल बंद पडली का?”

“अहो आई, सर्वलेट! प्रोग्राम आहे तो.”

“मग नाव तरी धड ठेवायचं. सर्व लेट म्हटल्यावर कशाला वेळेवर चालेल तो?”

त्या दिवसापासून आमच्या घरात तोच शब्द रूढ झाला. संध्याकाळी आईचा पहिला प्रश्न – “आजपण सर्व लेट का?” चूक सापडली तेव्हा ती एका अक्षराची निघाली. प्रोग्रामच्या नावातलं पहिलं अक्षर एका फाइलमध्ये मोठं होतं, दुसरीत लहान. ते सुधारल्यावर स्क्रीनवर पहिलं पेज आलं. त्यावर वैशालीने लिहिलं होतं – Jay Bhim, Aai. देवनागरी टाकली की नुसती प्रश्नचिन्हं यायची, म्हणून रोमन लिपी. मी वाचून दाखवलं. आई पदर सावरून स्क्रीनला म्हणाली, “जय भीम, बाबा.”

दिवाळीच्या आधी वैशालीने सेठच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सगळं बसवलं. मी सुट्टी काढून सोबत गेलो होतो. सकाळची वेळ. सगळ्या पार्ट्यांचा माल एकाच टेम्पोतून नुकताच रवाना झाला होता. प्रोग्राम रोमन लिपीत तीनच उत्तरं देऊ शकत होता – तयार, निघाला, नंबर चुकीचा. वैशालीने त्या दिवशीच्या सगळ्या चलानांपुढे ‘निघाला’ भरलं, सर्व्हर चालू केला आणि सेठना म्हणाली, “तुम्हीच नंबर टाका.”

सेठनी एका बोटाने नंबर टाकला. स्क्रीनवर आलं – Sarva late.

“सरवा लेट? ये क्या है?”

वैशालीचा चेहरा उतरला. तिने दुसरा नंबर टाकला. Sarva late. तिसरा... तेच.

मी हळूच म्हटलं, “तू लिहिलंयस का हे?”

“वेडे आहात का? मी कशाला लिहू!”

सेठ उठले. “सुबह मेरे सामने माल निकला और तेरी मशीन बोलती है लेट. रुक, अभी ड्रायव्हर से बात कराता हूँ, मशीन भी सुन ले.” त्यांनी मोबाइल लावला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला.

“सेठ, मैं आपको ही लगा रहा था. अभी-अभी एक्सल टूटा. शिळफाट्याच्या अलीकडे उभा आहे.”

सेठनी फोन कानाला तसाच ठेवून स्क्रीनकडे पाहिलं. मग वैशालीकडे. मग ओरडले, “अरे, दूसरा टेम्पो भेजो!”

दुसरा टेम्पो लगेच गेला, माल पोचला. वैशालीची खुर्ची तिच्याकडेच राहिली. जेवणाच्या सुट्टीत सेठ मॉनिटरला उदबत्ती ओवाळताना दिसले. वैशाली म्हणाली, “सेठ, धुराने खराब होईल तो.” मगच थांबले.

त्यानंतर आम्ही जे तपासलं ते सांगतो. प्रोग्राममध्ये ‘late’ हा शब्द शोधला – नाही. फाइलींमध्ये शोधला – नाही. त्या कॉम्प्युटरला दुसरा कुठला कॉम्प्युटर जोडलेला नव्हता, इंटरनेट नव्हतं. आईने थट्टेत टाइप केलं असेल म्हणावं, तर तिला टायपिंग येत नाही, आणि ती कॅम्प चारला कधी गेलेली नाही. बदलापुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांनाही दाखवलं. ते म्हणाले, “मॅडम, जे लिहिलंच नाही ते छापून कसं येईल?” आमचा प्रश्न तोच होता. त्याच फाइली, एक अक्षर न बदलता, दुसऱ्या दिवशी बिनतक्रार ‘निघाला’ दाखवू लागल्या.

पुढे वैशालीने त्यात चौथं उत्तर घातलं – ‘उशीर’. ड्रायव्हरचा फोन आला की ती स्वतः भरायची. पेज चोख चालायचं, दुकानदार खूश होते. सेठ तेवढे नाराज. ती नोकरी सोडून अंबरनाथच्या मोठ्या कंपनीत गेली, त्या दिवशीही त्यांनी मिठाईचा डबा हातात देत तक्रार केलीच – “वैशाली, वो पहलेवाला अच्छा था. ये तो उतना ही बोलता है, जितना हम बताते हैं.”