फणी तासायचा चाकू

आमचे हे, म्हणजे जीवराम (साठी उलटली, आता नाव घ्यायला कसली लाज), चाळीस वर्षं रावेरच्या केळीत राबले. घड उतरवायचा, फण्या सोडवायच्या, फणीचं बूड तासून ती टबाच्या पाण्यात सोडायची. घरात माणूस एक नंबरचा आळशी, प्यायलेली कपबशी उचलून ठेवणार नाही. पण फणी तासण्यात त्यांचा हात धरणारा टोळीत कुणी नव्हता.

गेल्या महिन्यात मजुरांच्या गाडीत दाटीत बसताना कुणाच्या तरी खिशातला उघडा चाकू टोळीतल्या बेबाबाईच्या मांडीत घुसला. तेव्हा मुकादम अभिमननं सगळ्यांना सांगून टाकलं, सोमवारपासून घडीचाच चाकू आणायचा आणि गाडीत चढताना मिटलेला दाखवायचा. नसेल त्यानं घरी बसायचं. म्हणून रविवारी आम्ही दोघं बाजारात गेलो.

दुकानदारानं काचेवर सहा चाकू मांडले. विलायती घाटाचे, लाकडी मूठ, टोकांना पितळ, पात्यावर नख अडकवून उघडायला खाच. हे एकेकाला नावं ठेवू लागले. याची मूठ बारीक, त्याचं पातं डुलतं, तिसऱ्यात केळीचा चीक भरला की संपलं. तासभर तेच. माझे पाय दुखायला लागले.

"मले पाहायले आले तवा एवढं नव्हतं पाह्यलं," मी म्हटलं. दुकानदार हसला. हे हसले नाहीत.

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आतापर्यंत प्रत्येक चाकू त्यानंच उघडून दाखवला होता. आता ह्यांनी एक उचलला. खाचेत नख घातलं, निसटलं. परत घातलं, परत निसटलं. डाव्या हातानं ओढायला गेले तर उजव्यातून चाकूच सुटला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि तो माझ्या हातात दिला. आमच्यात चाकू हातात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतात. खाली ठेवायचा, समोरच्यानं उचलायचा. त्यावरून ह्यांनी मला जन्मभर बोल लावलेत. मी नख लावलं, पातं उघडलं.

"कवापासून?"

"दिवाळीपासून. अंगठ्यात जीवच नाही."

"मग काम कसं करत व्हते?"

"चाकू उघडाच व्हता ना."

"अभिमनले सांगा. तो उघडून देईन."

"आज उघडून देईन. उद्या म्हनीन, नाना, आता घरी बसा."

दुकानदार परत आला. ह्यांनी सहाही चाकू पुन्हा पाहिले, सगळ्यात हलका निवडला आणि माझ्यासमोर काचेवर ठेवला. "पाह्य, तुले झेपतो का."

"मले काय करायचं?"

"उद्या गाडीत तू चढ."

खरं सांगते, राग आला. मी काय तरणी आहे? गुडघे माझेही गेलेत. पण घरी कुणीतरी बसणार आणि कुणीतरी जाणार, हे मलाही कळत होतं. मी चाकू घेतला.

संध्याकाळी ह्यांनी कच्च्या केळीची फणी आणली आणि मला तासायला शिकवलं. मी चौथ्यांदा चुकले तरी हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी गाडी दारात आली. मी मिटलेला चाकू दाखवला. अभिमन म्हणाला, "अक्का, तुम्ही? नाना कवा येतील?"

हे मागे उंबऱ्यावरच उभे होते. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "मी आता येत नाही, भाऊ. हिचा हात माह्यापेक्षा चांगला शे."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं कौतुक केलं, आणि तेही खोटं.