तारा मी हलवल्या

ज्ञानोबा गेल्याचे त्यांच्या मुलाने फोनवर कळवले, त्याला आता तीन आठवडे झाले. मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. जे म्हणायला हवे होते, ते इथे लिहितो.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी सोलापुराहून येऊन पिंपरीतल्या एका कारखान्यात लागलो. उमेदवारी तीन महिन्यांची. काम जमले तर कायम, नाही तर घरी परत. छिद्रे पाडलेली कार्डे वाचून मालाची यादी छापणारे एक यंत्र तिथे होते. कोणता आकडा कोणत्या रकान्यात छापायचा, हे एका पाटीवर तारा जोडून त्याला सांगावे लागे. ज्ञानोबा त्यातले जाणते. जुन्या पिंपरी गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणालो, “यंत्र चालत नाही.”

“चालत न्हाई म्हंजी? पाय मोडला का त्याचा? पाव्हणं, काय केलं, काय व्हायला पायजे हुतं, अन् झालं काय, ह्ये सांगा.”

उमेदवारी संपता संपता एके दिवशी यादीतले आकडे भलत्याच रकान्यात छापले जाऊ लागले. मी ज्ञानोबांना सारे नीट सांगितले, एक गोष्ट सोडून. सकाळी दोन तारा मीच हलवल्या होत्या. नोकरी जाईल या भीतीने ते गिळले. ज्ञानोबांनी एकेक कार्ड तपासले, यंत्र उघडले. जेवणाची सुट्टी झाली, संपली. त्यांची भाकरी फडक्यात तशीच बांधलेली मला दिसत होती... अखेर मी म्हणालो, “तारा मी हलवल्या.”

“कंच्या?”

दाखवल्या. थोड्याच वेळात यादी सरळ छापून आली.

“ह्ये पयलं सांगायचं आस्तं, राव. मी काय तुमचा सासरा हाय, लाजायला?”

संध्याकाळी साहेबांनी उशिराचे कारण विचारले. मी तोंड उघडण्याआधी ज्ञानोबाच म्हणाले, “पाव्हण्याची चूक झाली, अन् त्यांनी सोताच सांगितली. असा मानूस ठिवा, साहेब.” अर्धा दिवस मी ती लपवली होती, हे त्यांनी सांगितले नाही. मी कायम झालो. त्या नोकरीवर माझा संसार उभा राहिला. आभार मात्र मी कधी मानले नाहीत.

गेल्या आठवड्यात चक्कर येते म्हणून दवाखान्यात गेलो. बसल्याबरोबर डॉक्टरांना सांगितले, “रक्तदाबाची गोळी चार दिवसांपासून मीच बंद केली आहे.”

तरुण डॉक्टर हसले. “आजोबा, हे आम्हाला नेहमी शेवटी कळतं.”

“मला शिकवणारा चांगला भेटला,” मी म्हणालो.