दंडारीचं लुगडं

मेडशीजवळच्या आमच्या आंध आदिवासींच्या वस्तीत दिवाळीनंतर दंडार होते. या नाचनाटकात बायका नाचत नाहीत, पुरुषच लुगडी नेसतात. मला सगळे पोरगा समजत तेव्हा दरवर्षी बाईचं सोंग माझंच. मी नाचले की म्हातारे शिट्ट्या मारायचे. लुगडं आईचं. नियम एकच, उजाडायच्या आत घडी करून परत द्यायचं.

एका वर्षी मी दिलं नाही. तेच नेसून सकाळी हापशीवर पाण्याला गेले. शिट्ट्या मारणाऱ्यांची अब्रू तिथल्या तिथे जागी झाली! आईने दार लावून घेतलं. मी अंगावरच्या लुगड्यानिशी तालुक्याच्या मालेगावला आले. तिथे माझ्यासारख्याच तिघी भेटल्या, आदिवासी आणि घरातून हाकललेल्या.

आम्ही मोबाइलवर सिनेमा करायचं ठरवलं. मदतीला शहरातून एक उंटावरचा शहाणा आला. त्याला आमच्या डोक्यात पिसं हवी होती. आमच्या वस्तीत पिसं असतात ती कोंबडीच्या अंगावर. मग म्हणाला, "जरा रडा ना." त्याला चहा पाजला आणि एसटीत बसवून दिलं.

सिनेमा आम्हीच केला. एकीने पडदे रंगवले, एकीने ढोलकी वाजवली, एकीने मोबाइल धरला. सकाळी लुगडं न सोडणारीची गोष्ट होती. नाचले मी, आईच्याच लुगड्यात. हा सिनेमा आईने पाहावा म्हणून माझा जीव तुटत होता.

वस्तीत समाजमंदिराच्या भिंतीवर चादर बांधून सिनेमा दाखवला. पुढे तेच म्हातारे, शिट्ट्याही त्याच. संपल्यावर वस्तीचा कारभारी उठला. मी समोर साडी नेसून उभी, आणि हा म्हणतो, "पोरानं काम झकास केलं. आता त्याले साडी सोडाले सांगा, नाटक संपलं." सगळे हसले. एवढा सिनेमा पाहून पालथ्या घड्यावर पाणी.

आई मागे बायकांत बसली होती. ती हसली की नाही ते अंधारात दिसलं नाही. मी पिशवीतून तिचं लुगडं काढलं, घडी केलेलं, आणि तिच्यापुढे धरलं. नियम म्हणजे नियम, उगाच कुणाचं ऐकून घ्यायला नको.

आईने लुगड्याकडे पाहिलं, मग कारभाऱ्याकडे. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मले कायले देऊन राह्यली वो? सकाळी पान्याले जाशीन तं काय नेसशीन?"