चाळीस मिनिटं

माझं शेवटचं पोस्टिंग कार निकोबारला. मी हवालदार, विमानतळावर माल आणि माणसं चढवायची ड्युटी. तिथून पोर्ट ब्लेअर पावणेतीनशे किलोमीटर, मध्ये नुसता समुद्र. लहान विमानाला तासभर, हेलिकॉप्टरला दीड तास. झोपेतून उठवून विचारा, पाठ होतं. तरीही चुकलो, आणि चुकलो ते माझ्या गावच्या, गुंदच्या सवयीनं.

आमच्या जोयड्याच्या रानात वाट कधी खरी सांगत नाहीत. चढावर कुणी विचारलं, "किती लांब?" की म्हणायचं, "हे काय, हितंच हाय!" खरं सांगितलं तर माणूस मटकन बसतो.

त्या दुपारी जेट्टीवर माल उतरवताना लान्स नायक परशुरामच्या छातीवर लाकडी पेटी कोसळली. परशा खानापूरचा. घरची भाषा बोलणारे कंपनीत आम्ही दोघंच. १४२० ला हेलिकॉप्टर उतरलं. नर्सिंग असिस्टंट बेटावर नवीन, त्याच्याकडे ऑक्सिजनचा एकच सिलेंडर. दुसरा आणायला दहा मिनिटं लागली असती.

"उस्ताद, कितना टाइम?" त्यानं मला विचारलं.

परशा स्ट्रेचरवरून माझ्याकडंच बघत होता.

"चालीस मिनट. ये क्या, इधर ही है."

"फिर एक बस है."

आणि मी गप्प बसलो! जीभ झडली का नाही तेव्हा? १४३० ला टेक ऑफ. एस्कॉर्ट म्हणून मीच सोबत.

घड्याळावरून माझी नजर हलेना. १५१० ला परशानं बोटांनी विचारलं, किती? त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "आलंच रं!" खाली निळं पाणी, जमिनीचा पत्ता नाही. १५३० ला सिलेंडरचा काटा शून्यावर आला. मी हेडसेट ओढून पायलटला विचारलं.

"सर, किती वेळ?"

"पस्तीस मिनिटं. वारा समोरून आहे."

"स्पीड वाढवा, सर!"

"फुल आहे, हवालदार."

परशानं माझी बाही पकडली होती. १५५२ ला ती सुटली. १६०५ ला आम्ही उतरलो.

इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. शिक्षा झाली, पण कमीच झाली असं मला आजही वाटतं. पेन्शनवर गावी आलो. आता कुणी अंतर विचारलं की मिनिटासकट सांगतो. बायको म्हणते, "लोकांची चालायची हौसच मारता तुम्ही." मारतो तर मारतो.

परशाची आई दरवर्षी उळवीच्या जत्रेला येते. आमच्याकडं उतरते, मग आम्ही चालत निघतो. दरवर्षी वाटेत विचारते, "लई तडफडला व्हय रं?" आणि मी सांगत आलो, "न्हाई आई, लगेच गेला." म्हणजे तिथंही जवळचीच वाट सांगत होतो.

यंदा ती चढावर दगडावर टेकली आणि तेच विचारलं. मी उभाच राहिलो.

"बावीस मिनिटं, आई. हवा संपली हुती. येळ मी कमी सांगितला, म्हणून दुसरा सिलेंडर घेतला न्हाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता माघारी फिरणार.

"उळवी आनखी किती?"

"दोन तास."

"खरं?"

"खरं, आई."

तिनं उठायला हात पुढं केला. माझी बाही धरली, आणि उळवीपर्यंत सोडली नाही.